उभ्यानं वाचलेली प्रत

बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं मी पावत्या फाडल्या.
कुठल्या होडीला किती लाद्या, कोणाची उधारी,
कोण श्रावणात गेला आणि आलाच नाही,
त्याच्या खात्यावर अजून सव्वाचारशे रुपये.
पावतीची पाठ कोरी असते.
तिथे लिहीत गेले.

पुण्याहून प्रकाशकाचं पत्र आलं, दोन ओळींचं.
‘लेखन प्रामाणिक आहे. वाचकवर्ग मर्यादित वाटतो.’
मग फंडातले बावीस हजार काढले
आणि कैतान फर्नांडिसच्या छापखान्यात गेले,
जिथे लग्नपत्रिका छापतात आणि दशावताराची हँडबिलं.
‘खाली आपले नम्र कोण कोण घालू?’ त्याने विचारलं.
म्हटलं, मी एकटीच.
लेखिका मी, प्रकाशक मी, मुद्रितं तपासणारी मी,
चुका राहिल्या त्याही माझ्याच.
सवयीने शेवटच्या पानावर
‘कृपया आहेर आणू नये’ जाणार होतं,
ते मशीनवर चढता चढता थांबवलं.
आता वाटतं, राहू द्यायला हवं होतं.

दोनशे प्रती रिक्षातून घरी आल्या.
कॉटवर त्या, खाली चटईवर मी.
वेंगुर्ल्यात जमिनीवर ठेवलेला कागद
चार दिवसांत पापडासारखा वाकतो.

नाबरांनी दहा ठेवून घेतल्या.
त्यांच्या दुकानात तेव्हा पुस्तकांचं एकच कपाट उरलेलं,
बाकी झेरॉक्स, वह्या, रिचार्ज, पासपोर्ट साईज फोटो.
पण त्या कपाटात पावसाचे चार महिने
चाळीसचा एक पिवळा बल्ब जळत असायचा,
पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून.
‘विजेचा बिल पुस्तकांच्या वर जाता,’ ते म्हणायचे,
आणि बल्ब गेला की नवीन आणायचे.

पुतण्याने मला फोनवरही चढवलं.
मागणी आली की तिकडे दूर कुठेतरी
यंत्र एकच प्रत छापतं, एकच बांधतं, एकच पाठवतं.
कॉट नको, बुरशी नको, नाबर नकोत.
वर्षभरात तीन गेल्या. एक वर्ध्याला.
वर्ध्याच्या बाईंनी लिहिलं, पुस्तक चांगलं आहे,
लादी म्हणजे फरशी का?

दिवाळीआधी नाबरांनी दुकान आवरायला घेतलं.
मी पिशवी घेऊन गेले. दहाच्या दहा प्रती.
‘एक पण खपला नाय गो,’ खाली बघत म्हणाले,
मग वरची प्रत काढून माझ्या हातात दिली.
‘पण ह्या बघ.’

पान बारा दुमडलेलं. मग एकोणीस. मग एकतीस.
दुमड मोडायची, पुढे नवीन घालायची.
कुठे अंगठ्याचा काळसर डाग, ग्रीस असेल,
अठ्ठेचाळीसवर माशाचा एक खवला, सुकलेला, पारदर्शक.
‘संध्याकाळी कोणतरी येता. उभ्यान वाचता. जाता.’
कोण?
‘मी मशीनीकडे असतंय. पाठमोरोच बघलंय.’

शेवटची दुमड एकशे आठवर.
पुस्तक एकशे बारा पानांचं.

म्हणजे सव्वाचारशे रुपयांचं काय झालं
ते त्याला अजून कळलेलं नाही.

नऊ प्रती घरी आणल्या.
दहावी, दुमडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून
नाबरांच्या बंद शटरच्या कडीला अडकवली.
किंमत खोडली नाही. नावही लिहिलं नाही,
कोणाचं लिहिणार?

फोनवर आकडा अजून तीनच दिसतो.
कालपासून रस्त्याने जाताना
मी त्या शटरकडे बघायचं टाळते,
जशी कारखान्यात असताना
उशीर झालेल्या होडीच्या जागेकडे
बघत नसे.